फुकट थ्रीडी आणि फी घेणारा डिझायनर

मावशीने कोथरूडच्या फ्लॅटमधली बेडरूम एका जुन्या, घरच्याच माणसांनी चालवलेल्या फर्निचरच्या दुकानाकडून करून घेतली. गल्ल्यावर वडील, लॅपटॉपवर मुलगा, भिंतीवर पाटी: ‘इंटिरियर डिझाइन फ्री’. थ्रीडी चित्र इतकं देखणं आलं की तिने ते लगेच फॅमिली ग्रुपवर टाकलं. बेड बसवला आणि स्विचबोर्ड गेला हेडबोर्डच्या मागे! दुकानातला मुलगा म्हणाला, “काकू, बोर्ड आमच्या कामात नव्हता.” खरं सांगायचं तर नव्हताच.

दुकानाचा डिझायनर आणि स्वतंत्र इंटिरियर डिझायनर ही दोन वेगळी माणसं आहेत, पण पाटीवरून ते ओळखू येत नाही. १९७२च्या कायद्याने ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी नोंदणी केलेल्यांपुरती राखून ठेवली आहे. ‘इंटिरियर डिझायनर’ला तसं कुंपण नाही. उद्या मीही पाटी लावू शकतो.

दुकानातल्या डिझायनरचा पगार फर्निचरच्या नफ्यातून निघतो. त्यामुळे तो तुमच्या खोलीत दुकानातला माल बसवून दाखवतो. यात फसवणूक काही नाही. तयार फ्लॅटमध्ये सोफा, बेड, डायनिंग टेबल एवढंच हवं असेल तर मी स्वतः दुकानातच जाईन. पाच वर्षांनी ड्रॉवर अडकला तर दुकान तिथेच असतं. साइटवरचा सुतार तोवर कुठल्या गावी असेल, देव जाणे.

स्वतंत्र डिझायनर फी घेतो: कार्पेट एरियावर, एकूण खर्चाच्या टक्क्यांवर किंवा ठोक. फर्निचर यायच्या आधीच्या गोष्टी ठरवण्याचे हे पैसे असतात. प्लग पॉइंट कुठे, एसीचं पाणी कुठून बाहेर जाणार, आरओला नळ कुठून, फॉल्स सीलिंग किती खाली येणार. तो सुताराला, इलेक्ट्रिशियनला, प्लंबरला मापांसह वर्किंग ड्रॉइंग देतो. थ्रीडी पाहून सुतार एक फळीसुद्धा कापू शकत नाही. बाणेर-वाकडकडच्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये बांधकाम मायवानचं असतं, म्हणजे आतल्या भिंतीही काँक्रीटच्या. विटांच्या भिंतीत खाच पाडून बोर्ड फूटभर सरकवता येतो, इथे तसं केलं तर सळईलाच हात लागतो. मग पॅनेलिंगमागून किंवा सीलिंगमधून वायर न्यावी लागते, आणि ते आधीच ठरलेलं बरं.

फी घेतली म्हणून तो साधूसंत होत नाही. टक्क्यांवर फी असेल तर तुमचा खर्च वाढला की त्याची कमाईही वाढते. वर काही जण प्लायवाल्याकडूनही कमिशन घेतात. म्हणून मला ठोक फी बरी वाटते.

दोघांची कोटेशनं शेजारी ठेवली तरी तुलना जमत नाही. दुकान वॉर्डरोबची एक किंमत सांगतं, डिझायनरचा कंत्राटदार चौरस फुटाचा दर. सात फूट रुंद, सात फूट उंच वॉर्डरोब दर्शनी मापाने ४९ चौरस फूट. वर दोन फुटांचा लॉफ्ट धरला की ६३. लॉफ्ट कुणी धरलाय, ते आधी विचारा. ‘वॉटरप्रूफ प्लाय’ एवढ्या शब्दावरही थांबू नका. सिंकखालच्या ट्रॉलीसाठी आयएस ७१०, म्हणजे मरीन प्लायचं भारतीय मानक, छापलेला प्लाय हवा. आयएस ३०३ या साध्या प्लायच्या मानकातला एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) ग्रेड ओलावा थोडाफार सोसतो, साचलेलं पाणी नाही.

समोरचा कोण आहे हे पहिल्याच भेटीत ओळखायचं असेल तर विचारा, “मापांसकट ड्रॉइंग मला घरी न्यायला देणार का?” फी घेणारा पैसे मिळाल्यावर देतो, कारण त्याने विकलंय तेच. दुकानदार हसून म्हणतो, “आधी बुकिंग करा ना, काकू.”