मुंबई–लंडन: अंतर किती, तास किती आणि घरून निघायचं कोणत्या तारखेला?

लंडनला मुलांकडे निघालेल्या आमच्या बहुतेक ग्राहकांचा तिकीट हातात पडल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: जाताना साडेपाच तास आणि येताना साडेतेरा, असं कसं?

तिकिटावर निघायची वेळ निघायच्या शहराची असते आणि पोहोचायची वेळ पोहोचायच्या शहराची. लंडनचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेपाच. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं बदलतात. म्हणून जुलैत मुंबईहून दुपारी १ला निघून तिथे संध्याकाळी ६.३०ला उतरलात, तर प्रवास १० तासांचा झाला. येताना रात्री ९ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी १०.३०ला मुंबई, म्हणजे ९ तास. हा एक तासाचा फरक मात्र खरा आहे. खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीमागून.

अंतर सरळ मोजलं तर साधारण ७,२०० किलोमीटर. त्याला ताशी ९०० ने भागून काहीजण ‘आठच तास’ म्हणतात. पण धावपट्टीपर्यंतची रांग, चढण्या-उतरण्याचा वेळ आणि बंद हवाई हद्दींना घातलेला वळसा त्या हिशोबात येत नाही.

आता ज्या चुकीपायी विमानच चुकतं, ती. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ‘१५ तारीख, ०२.३०’ असेल, तर तुम्हाला १४ तारखेच्या रात्री साडेअकराला विमानतळावर असायला हवं. लोक १५ला रात्री बॅगा घेऊन पोहोचतात, तेव्हा विमान जाऊन वीस-एकवीस तास झालेले असतात. नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. जातानाच्या विमानात बसला नाहीत, तर बऱ्याच कंपन्या त्याच तिकिटावरचा परतीचा प्रवासही रद्द करतात. तारीख वाचताना रात्री १२ ते पहाटे ५ मधली वेळ दिसली, की निघायचा दिवस एक आधीचा धरा.

अशा विमानासाठी आम्ही साताऱ्याहून दुपारी ३ला निघायला सांगतो. ‘एवढ्या लवकर कशाला?’ असं दरवेळी ऐकतो, तरी वेळ बदलत नाही. रस्ता साधारण अडीचशे किलोमीटरचा, वाटेत खंबाटकी आणि खंडाळा हे दोन घाट. एखादा ट्रक आडवा झाला की दोन तास सहज जातात, आणि बॅगा घेणारी खिडकी विमान सुटायच्या तासभर किंवा त्याहूनही आधी बंद होते. विमानतळावर खुर्चीत बसून काढलेले तास आम्हाला स्वस्त वाटतात.

परतीची गाडीही उतरायच्या तारखेची सांगा, लंडनहून निघायच्या नव्हे. पासपोर्ट तपासणी आणि सामान यात तास-दीड तास जातो, तो ड्रायव्हरला आधीच कळवा.

मोबाईलवर तिकीट थोडं स्वस्त दिसतं, हे खरं आहे. आमच्या दरात प्रत्येक तिकिटासोबत मोठ्या अक्षरातली मराठी चिठ्ठी येते: घरून निघायचा वार, तारीख, वेळ, टर्मिनल आणि दोन्हीकडचे खरे तास. हवी असल्यास गाडीही आम्हीच ठरवून देतो. तिकीट दुसरीकडे काढलं असेल तरी घेऊन या. चिठ्ठी लिहून देऊ, तिचे पैसे घेत नाही.