मोठ्या डिझेल फोर-बाय-फोर गाडीचे लांबच्या प्रवासातील ॲव्हरेज : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सहल किंवा देवदर्शन आटोपून परतलेले ग्राहक आमच्या गॅरेजमध्ये जी तक्रार सर्वाधिक वेळा मांडतात ती एकच असते : गाडी कंपनीने सांगितलेले ॲव्हरेज देत नाही. तपासणीत बहुतेक वेळा गाडी ठणठणीत निघते. फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन, थार, एंडेव्हर यांसारख्या उंच आणि जड गाड्यांचा डिझेलचा खर्च प्रवासात नेमका कशावर होतो, हे आधीच ठाऊक असेल तर प्रवासाचे अंदाजपत्रक बरोबर बसते, आणि खरोखर बिघाड असेल तेव्हा तो लवकर ओळखताही येतो. त्या हेतूने ही माहिती आम्ही आपल्या हाती देत आहोत.

कंपनीचा आकडा आणि आपला आकडा

गाडीच्या माहितीपुस्तिकेत छापलेला ॲव्हरेजचा आकडा प्रयोगशाळेतील चाचणीतून आलेला असतो. या चाचणीत गाडी रोलरवर ठरावीक क्रमाने चालवली जाते, एसी बंद असतो आणि त्या क्रमातील सर्वोच्च वेग ताशी ९० किलोमीटर एवढाच असतो. टपावर सामान, गाडीत सात माणसे, समोरून वारा आणि रस्त्यात घाट, यांपैकी काहीही त्या चाचणीत नसते. एका मॉडेलची दुसऱ्याशी तुलना करण्यासाठी तो आकडा उपयोगी आहे. परंतु समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरने जाताना तोच आकडा मिळावा, ही अपेक्षा गाडीवर अन्याय करणारी आहे.

वेगाचा हिशेब

हा भाग आम्ही मुद्दाम सविस्तर लिहीत आहोत, कारण चालकाच्या हातात असलेल्या गोष्टींपैकी सर्वात मोठी गोष्ट हीच आहे. फॉर्च्युनरची रुंदी १८५५ मिलिमीटर आणि उंची १८३५ मिलिमीटर आहे, म्हणजे तिचा समोरून हवेला भिडणारा भाग तीन चौरस मीटरच्या आसपास जातो, आणि आकारही चौकोनी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरला जो विरोध असतो तो १०० ला दीडपटीहून थोडा अधिक आणि १२० ला सव्वादोनपट होतो. टायरचा रस्त्याशी होणारा विरोध मात्र वेगाबरोबर फारसा वाढत नाही. त्यामुळे ८० च्या वेगाला हवा आणि टायर यांचा वाटा साधारण बरोबरीचा असला, तरी १२० ला बहुतांश डिझेल केवळ हवा बाजूला सारण्यात जाते.

उदाहरणादाखल छत्रपती संभाजीनगर ते नागपूर हा समृद्धीवरील सुमारे ४५० किलोमीटरचा प्रवास घेऊ. ताशी १०० च्या स्थिर वेगाने साडेचार तास लागतात, १२० ने पावणेचार तास, म्हणजे पाऊण तासाची बचत होते. १०० ला लिटरमागे १२ किलोमीटर आणि १२० ला १० किलोमीटर मिळतात असे धरले, तर पहिल्या बाबतीत साडेसदतीस लिटर आणि दुसऱ्या बाबतीत ४५ लिटर डिझेल लागते. साडेसात लिटरचा हा फरक, डिझेलचा दर लिटरला ९० रुपये धरल्यास, एका बाजूच्या प्रवासात पावणेसातशे रुपयांचा होतो. पाऊण तासासाठी एवढे पैसे द्यायचे की नाहीत, हा निर्णय सर्वस्वी आपला आहे. कधी वेळ खरोखरच महत्त्वाचा असतो. आमचे मत विचाराल तर कुटुंबासह जाताना ९० ते १०० चा वेग खर्च, टायर आणि सुरक्षितता या तिन्ही दृष्टींनी योग्य ठरतो.

वेगातील चढउतारही तितकेच महाग पडतात. माणसांसह अडीच टन वजनाची गाडी ब्रेक लावून थांबवली की तिने कमावलेली सगळी गती ब्रेकच्या उष्णतेत वाया जाते आणि ती पुन्हा डिझेल जाळूनच मिळवावी लागते. गळीत हंगामात बीड, धाराशिव, लातूर या पट्ट्यांतील रस्त्यांवर उसाचे दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या सतत आडव्या येतात. अशा वेळी लांबूनच ॲक्सिलरेटर सोडून, अंतर राखून, मोकळी जागा दिसल्यावर एकदाच पुढे निघणारा चालक आणि प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे येऊन जोरात ब्रेक मारणारा चालक, यांच्या ॲव्हरेजमध्ये एकाच गाडीवर स्पष्ट फरक पडतो. रात्रीच्या वेळी तर या ट्रॉल्यांना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर असेलच असे नाही, म्हणून ही सवय जीव वाचवणारीही आहे.

घाट आणि उतार

चढाचा खर्च आकड्यात सांगता येतो. म्हैसमाळ हे थंड हवेचे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे १०६७ मीटर उंचीवर आहे, आणि छत्रपती संभाजीनगर शहर त्याहून साधारण ५०० मीटर खाली. माणसे आणि सामान धरून अडीच टन वजनाची गाडी ही उंची चढते तेव्हा, इंजिन आणि गिअरमधील नेहमीचे नुकसान जमेस धरून, केवळ उंचीपोटी सुमारे एक लिटर डिझेल खर्च होते. रस्त्याचे अंतर कापण्याचा खर्च त्याहून वेगळा. म्हणून खुलताबाद मार्गे म्हैसमाळला जाताना स्क्रीनवर ॲव्हरेजचा आकडा एकदम खाली आला तर घाबरू नये.

उतरताना यातील काही भाग परत मिळतो, मात्र त्यासाठी गाडी गिअरमध्ये असली पाहिजे. आजच्या कॉमन-रेल (संगणकाच्या नियंत्रणाखाली इंधन फवारणाऱ्या) डिझेल इंजिनात गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजेक्टर इंधन देणे थांबवतात. चाकेच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला आयडलवर चालू राहण्यासाठी डिझेल घ्यावेच लागते. म्हणजे उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवण्याची जुनी पद्धत या गाड्यांत उलट जास्त डिझेल खाते, शिवाय इंजिनचा रोध नाहीसा होऊन सगळा भार ब्रेकवर येतो. तुळजापूरला जाताना बीडच्या पुढे मांजरसुंब्याच्या घाटात किंवा कन्नडच्या घाटात असे कृपया करू नये. ज्या गिअरमध्ये चढ चढलो असतो साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे.

फोर-बाय-फोरचा वापर

आपल्या भागातील बहुतेक गाड्यांत पार्ट-टाइम पद्धतीची, म्हणजे गरजेपुरतीच पुढची चाके जोडणारी फोर-बाय-फोर यंत्रणा असते. त्यांत डांबरी किंवा सिमेंटच्या कोरड्या रस्त्यावर फक्त मागच्या चाकांचा, म्हणजे टू-एचचा वापर करायचा असतो. फोर-एच, म्हणजे चारही चाकांना जोर, लावून कोरड्या रस्त्यावर वळताना पुढची व मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, पण इंजिनाचा जोर पुढे-मागे वाटणारी ट्रान्सफर केस त्यांना सारख्याच वेगाने फिरण्यास भाग पाडते. त्यातून ताण साठतो, टायर घासले जातात, डिझेल वाया जाते आणि यंत्रणेचे आयुष्य घटते. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर फोर-एच किंवा फोर-एल (कमी वेग, जास्त जोर) अवश्य लावावे, त्यासाठीच ती सोय आहे. चिखल टायरच्या खाचांत भरून चाके गरगर फिरू लागली की डिझेलचा खर्च ॲव्हरेजमध्ये मोजण्यापलीकडे जातो, आणि अशा शंभर मीटरसाठी हिशेब करत बसू नये. डांबरी रस्ता लागताच टू-एचवर परत यावे, एवढेच महत्त्वाचे. नंतर रिमच्या आत वाळलेली माती धुवून काढावी, कारण तिच्या असमान वजनाने वेगात गाडी थरथरते आणि ब्रेकमध्ये अडकलेली माती चाक जखडून ठेवू शकते.

टपावरील सामान

टपावरच्या कॅरियरबद्दल आमचे मत ठाम आहे : गरज संपली की तो काढून ठेवावा. महामार्गाच्या वेगाला टपावरचा मोठा बोजा ॲव्हरेज दहा टक्क्यांहून अधिक खाली आणू शकतो, आणि रिकामा कॅरियरसुद्धा हवा अडवतोच. त्या मानाने डिक्कीत ठेवलेल्या ४०-५० किलो वजनाचा परिणाम सपाट रस्त्यावर एखाद्या टक्क्याएवढाही नसतो. म्हणून बॅगा आधी डिक्कीत, मग सीटखाली, आणि अगदीच जागा नसेल तर टपावर, घट्ट बांधून आणि ताडपत्रीची टोके फडफडणार नाहीत अशा बेताने ठेवाव्यात. डिझेलचे कॅन टपावर किंवा गाडीत कोठेही नेऊ नयेत.

टायरमधील हवा

मराठवाड्यात उन्हाळ्यात टायरमधील हवा कमी ठेवण्याची पद्धत रूढ आहे. ती चुकीची आहे, आणि ते आम्ही कळकळीने सांगत आहोत. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो, दबण्यातून उष्णता निर्माण होते, आणि मे महिन्याच्या दुपारी भरधाव वेगात हीच उष्णता टायर फुटण्याचे कारण ठरते. इंधनाचा तोटा एखाद-दोन टक्क्यांचा असेल. जिवाचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. दाब किती असावा हे चालकाच्या दाराजवळच्या खांबावरील स्टिकरवर लिहिलेले असते, आणि अनेक गाड्यांत पूर्ण भारासाठी वेगळा आकडा दिलेला असतो. प्रवासाला निघताना तो पाहावा. दाब सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी मोजावा. तापमान ५ ते ६ अंशांनी वाढले की दाब सुमारे १ पीएसआय वाढतो, त्यामुळे दुपारी तापलेल्या टायरमध्ये आकडा चार-पाचने जास्त दिसणे स्वाभाविक आहे आणि ती हवा काढू नये. स्टेपनीही त्याच वेळी तपासावी. नायट्रोजन भरल्याने ॲव्हरेज वाढत नाही.

एसी, थांबलेली गाडी आणि फिल्टर

महामार्गावर खिडक्या उघड्या ठेवून जाण्यापेक्षा एसी लावणे अधिक शहाणपणाचे आहे. उभ्या गाडीत एसी चालू ठेवल्यास मोठे डिझेल इंजिन तासाला साधारण एक लिटर किंवा थोडे अधिक डिझेल घेते. देवळाबाहेर वयस्कर माणसे किंवा लहान मुले गाडीत बसून राहणार असतील तर हा खर्च निःसंकोच करावा, मात्र मोठी माणसेच सोबत असावीत आणि बंदिस्त जागेत इंजिन चालू ठेवू नये. घरी परतल्यावर हिशेब करताना तो लिटर लक्षात ठेवावा.

एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळण्यासाठी संगणक अधूनमधून जादा डिझेल सोडून फिल्टर सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवतो. त्या पंधरा-वीस मिनिटांत ॲव्हरेज खाली दिसते, आयडल किंचित वाढते, पंख्याचा आवाज येतो. हा बिघाड नव्हे. गाडी आठवडाभर गावातल्या गावात फिरत असेल तर ही प्रक्रिया वारंवार अर्धवट राहते आणि पुन्हा पुन्हा सुरू होते. अशा गाडीला लांबचा, स्थिर वेगाचा प्रवास मानवतो. ज्या गाड्यांत धुरातील प्रदूषण कमी करणारे डीईएफ हे द्रव स्वतंत्र टाकीत भरावे लागते, त्यांनी निघण्यापूर्वी त्याची पातळी पाहावी.

ॲव्हरेज कसे मोजावे

स्क्रीनवरील आकडा अंदाजासाठी ठीक आहे, पण तक्रार करण्यापूर्वी टाकी फुल्ल पद्धतीने मोजणे आवश्यक आहे. पंपाचे नोझल पहिल्यांदा ऑटो कट होईल तेथेच थांबावे, ट्रिप मीटर शून्य करावे, किमान ३०० ते ४०० किलोमीटर गाडी चालवावी, शक्यतो त्याच पंपावर पुन्हा पहिल्या ऑटो कटपर्यंत भरावे आणि किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागावे. उरलेली जागा भरण्यासाठी गाडी हलवून, फेस बसवून डिझेल भरत राहिल्यास हिशेब चुकतो. पहाटे भरलेले डिझेल जास्त मिळते ही समजूत आहे. पंपाची टाकी जमिनीखाली असल्याने त्यातील डिझेलचे तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही.

टायरचा आकार बदलला असेल तर तेही सांगावे. २६५/६० आर १८ ऐवजी २८५/६० आर १८ बसवल्यास टायरचा व्यास सुमारे ३ टक्क्यांनी वाढतो. मीटर १०० किलोमीटर दाखवते तेव्हा गाडी प्रत्यक्षात १०३ चाललेली असते. अशा गाडीचे ॲव्हरेज कागदावर आहे त्याहून कमी दिसते. रुंद आणि जाड खाचांच्या टायरमुळे प्रत्यक्ष खर्चही वाढतो, तो भाग वेगळा.

लांबच्या प्रवासात टाकीच्या पूर्ण क्षमतेवर भिस्त ठेवू नये. फॉर्च्युनरची टाकी ८० लिटरची आहे, स्कॉर्पिओ-एनची ५७ लिटरची. लिटरला १० किलोमीटर धरून आणि टाकीचा पाचवा भाग शिल्लक ठेवून हिशेब केल्यास पहिलीला सुमारे ६४० आणि दुसरीला सुमारे ४५० किलोमीटर जाता येते.

आमच्याकडे केव्हा यावे

वेग, भार आणि रस्ता नेहमीसारखाच असताना सलग दोन टाक्यांचे ॲव्हरेज अचानक खाली आले, तर गाडी दाखवून घ्यावी. प्रवास संपल्यावर एखादे रिम इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त तापलेले जाणवणे, स्टिअरिंग एका बाजूला ओढणे, पिकअप कमी होणे, काळा धूर दिसणे, डिझेलचा वास येणे किंवा डीपीएफचा दिवा वारंवार लागणे, ही लक्षणे दिसल्यास दुसऱ्या टाकीची वाट न पाहता यावे. रिमला थेट हात न लावता जवळून उष्णता जाणून घ्यावी. ॲव्हरेज वाढवणारी म्हणून विकली जाणारी औषधे डिझेलमध्ये टाकू नयेत, आणि चिप-ट्यूनिंग, म्हणजे इंजिनाच्या संगणकातील मूळ सेटिंग बदलणे, करण्याआधी वॉरंटीवर होणारा परिणाम विचारून घ्यावा. येताना शेवटच्या दोन-तीन वेळा भरलेल्या डिझेलच्या पावत्या, त्या वेळचे मीटरचे आकडे आणि प्रवास कोणत्या रस्त्याने व किती माणसांसह झाला याची नोंद सोबत आणावी. त्यावरून कोणती तपासणी प्रथम करायची हे आम्हाला ठरवता येते, आणि अनावश्यक कामाचे पैसे आपल्याला द्यावे लागत नाहीत.