पाचूच्या पोटातलं खारं पाणी

२०२० च्या एप्रिलमध्ये जग टाळेबंदीत अडकलेलं असताना सदबीज या लिलावसंस्थेच्या ऑनलाइन लिलावात एक ब्रेसलेट १३ लाख ४० हजार डॉलरला विकलं गेलं. १९३० च्या आसपास कार्टिए या फ्रेंच जवाहिरी पेढीने घडवलेलं. पानाफुलांच्या आकारात कोरलेले पाचू, माणकं आणि नीलम, मधूनमधून हिरे, आणि हे सगळं प्लॅटिनमच्या नाजूक वेलीवर. या घडणीला पुढे ‘टुटी फ्रुटी’ हे नाव पडलं. बातमी झाली ती किमतीची. मला अशा जुन्या दागिन्यांची ओढ वाटते ती मात्र वेगळ्या कारणाने. त्यातला एकेक खडा भिंगाखाली धरला, की तो कुठे जन्मला, कुठून कुठे फिरला आणि कुणाच्या हातून गेला, याचा माग लागतो. आणि हा माग बहुतेक वेळा खड्याच्या दोषातूनच लागतो.

आधी रंगाचं पाहू. माणिक म्हणजे मुळात ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, अर्थात कुरुंद. धार लावायच्या दगडात वापरतात तेच. शुद्ध असेल तर त्याला रंगच नसतो. पाचू हे बेरिल नावाचं अगदी वेगळं खनिज. तेही शुद्ध असताना बिनरंगी. माणकाला लाल करतं ते क्रोमियम, आणि पाचूला हिरवं करतं तेही प्रामुख्याने क्रोमियमच! एकाच ब्रेसलेटवर शेजारी शेजारी बसलेले, एकमेकांच्या अगदी विरुद्ध भासणारे हे दोन रंग एकाच मूलद्रव्याची करामत आहेत.

दोन्ही स्फटिकांत क्रोमियमचा अणू ॲल्युमिनियमची जागा घेतो आणि त्याच्याभोवती ऑक्सिजनचे सहा अणू असतात. माणकात या सहा जणांचा क्रोमियमवरचा प्रभाव जास्त असतो. त्यामुळे हिरवा-पिवळा आणि जांभळा प्रकाश शोषला जातो आणि लाल तेवढा बाहेर पडतो. पाचूत हा प्रभाव थोडा कमी पडतो, शोषण लाल-नारिंगीकडे सरकतं आणि हिरव्याला वाट मिळते. बदल एवढाच, पण डोळ्यांना सगळं जग पालटल्यासारखं दिसतं.

माणकाची आणखी एक खुबी आहे. शोषलेल्या प्रकाशातला काही भाग ते स्वतःच लाल प्रकाश म्हणून परत फेकतं, सुमारे ६९४ नॅनोमीटर तरंगलांबीचा. १९६० साली थिओडोर मेमनने जगातला पहिला लेसर बनवला तो कृत्रिम माणकाच्या कांडीतून, याच गुणाच्या जोरावर. म्यानमारमधल्या मोगोकच्या माणकांत लोह फार कमी असतं. लोह ही झळाळी विझवतं, त्यामुळे ते नसलेलं माणिक उन्हात धरलं की आतून पेटल्यासारखं दिसतं. जुने जवाहिरे मोगोकच्या खड्यावर जीव टाकायचे, त्याचं हे कारण. नीलमची गोष्ट निराळी. तोही कुरुंदच, पण त्यात लोह आणि टायटॅनियम शेजारी आले, की एकाकडून दुसऱ्याकडे इलेक्ट्रॉन उडी मारतो आणि त्यात पिवळा-लाल प्रकाश खर्ची पडून निळा उरतो.

माझा सगळ्यात आवडता खडा मात्र पाचू. दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन कोलंबियाच्या एखाद्या पाचूत डोकावलं, तर आत धुरकट रेघा, पिसासारख्या भेगा आणि मधूनच सूक्ष्म, कातर कडांच्या पोकळ्या दिसतात. अशी पोकळी सूक्ष्मदर्शकाखाली आणखी मोठी करून पाहिली, की तिच्यात तीन गोष्टी एकत्र नांदताना दिसतात: द्रव, त्यात तरंगणारा वायूचा बुडबुडा आणि मिठाचा चिमुकला चौकोनी खडा. कोलंबियात पाचू तयार झाले ते काळ्या शेल खडकाच्या भेगांतून वाहणाऱ्या कढत, अतिखारट पाण्यात. स्फटिक वाढताना त्या पाण्याचे थेंब आत कोंडले गेले. पुढे सगळं थंड झालं तेव्हा मीठ वेगळं झालं, बुडबुडा सुटला. तिथल्या मूसोच्या खाणीच्या बाबतीत ही घटना साधारण सव्वातीन कोटी वर्षांपूर्वीची. ते पाणी अजून तिथेच आहे, एखादीच्या मनगटावर मिरवत.

हेच पाचू भारतात पोचले त्यात गोव्याचा मोठा वाटा आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी कोलंबियाच्या खाणी ताब्यात घेतल्या. तिथला माल समुद्र ओलांडून स्पेन-पोर्तुगालला आणि तिथून पोर्तुगिजांच्या गलबतांतून गोव्यात यायचा. गोव्याच्या बाजारातून तो मुघल दरबारी आणि दख्खनच्या सुलतानांकडे जायचा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जाक द कुत्र नावाचा फ्लेमिश रत्नव्यापारी गोव्यातच बिऱ्हाड करून हा धंदा करत होता. असं असूनही पुढे कित्येक पिढ्या जवाहिरे भारतातल्या उत्तम पाचूंना ‘जुन्या खाणीचे’ म्हणत राहिले. आशियात कुठेतरी एक विसरलेली प्राचीन खाण होती, अशी समजूत होती.

या समजुतीचा निकाल लागला प्रयोगशाळेत. ऑक्सिजनचे १६ आणि १८ अणुभाराचे अणू निसर्गात असतात. पाचूत त्यांचं प्रमाण किती, हे तो ज्या खडकात आणि ज्या पाण्यात वाढला त्यावर ठरतं. त्यामुळे अनेक खाणी या प्रमाणावरून वेगळ्या ओळखता येतात. गॅस्टन ज्युलियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘सायन्स’ नियतकालिकात याच पद्धतीने तपासलेल्या ऐतिहासिक पाचूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. आयनांचा, म्हणजे विद्युतभारित अणूंचा, बारीक झोत मारून खड्यावर डोळ्यांना न दिसणारा खड्डा पाडायचा आणि निघालेल्या अणूंचं वजन करायचं, अशी ती रीत. हैदराबादच्या निजामांच्या खजिन्यातले चार ‘जुन्या खाणीचे’ पाचू त्यांनी पाहिले. तीन निघाले कोलंबियाचे आणि एक अफगाणिस्तानातल्या पंजशीरचा. मला हा निकाल कुठल्याही राजमुकुटापेक्षा जास्त थरारक वाटतो.

टुटी फ्रुटीमधली कोरलेली पानंही भारतातल्याच परंपरेतली. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी कार्टिए घराण्यातला जाक कार्टिए भारतात आला आणि इथल्या कोरीव रत्नांच्या प्रेमात पडला. युरोपात खडा म्हणजे पैलू पाडलेला, आरपार स्वच्छ. आपल्याकडच्या कारागिराला वजन राखायचं असे, म्हणून तो खड्याचा मूळ आकार सांभाळून त्यावर पान कोरी, आणि जिथे भेग असेल तिथून पानाची शीर नेई. कुरुंदाची कठीणता मोजपट्टीवर ९, त्याच्या वर फक्त हिरा. म्हणजे माणकावरची ती इवलीशी शीर हिऱ्याच्या भुकटीने, तासन्‌तास घासूनच उमटलेली असते. हे कसब बघताना मला पैलूदार खडे नेहमी थोडे फिके वाटतात.

प्लॅटिनमबद्दल थोडक्यात: ते १७६८ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून सोनाराच्या साध्या फुंकणीला दाद देत नाही. ऑक्सिजनची ज्योत हाताशी आली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा धातू दागिन्यांत स्थिरावला. तो चांदीसारखा काळवंडत नाही आणि केसासारख्या बारीक पकडीतही खडा धरून ठेवतो.

त्याच काळात आणखी एक पाहुणा आला. १९०२ मध्ये ऑग्युस्त व्हेरन्यूई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम माणकाची कृती जाहीर केली. ॲल्युमिनाची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची, भुकटी थोड्या क्रोमियमसह दोन हजार अंशांहून गरम ज्योतीतून खाली सोडायची; वितळलेले थेंब फिरत्या दांड्यावर साठत जाऊन माणकाचा कोंब तयार होतो. विसाच्या दशकातल्या ब्रेसलेटमध्ये ओळीने बसवायला एकाच मापाचे, एकाच छटेचे चौकोनी खडे लागत, आणि तिथे हे कृत्रिम माणिक-नीलम सर्रास वापरले गेले. ओळखायची खूण सोपी आहे: खाणीतल्या कुरुंदात वाढीच्या रेषा सरळ आणि षटकोनाच्या कोनात वळणाऱ्या असतात, व्हेरन्यूईच्या खड्यात त्या धनुष्यासारख्या वाकलेल्या, सोबत गोल बुडबुडे. जुन्या ब्रेसलेटमध्ये असा खडा सापडला की लोक फसवणूक झाली म्हणून हळहळतात. मला ते पटत नाही. तो त्या काळातल्या सगळ्यात नव्या रसायनशास्त्राचा नमुना आहे. किंमत कमी असेल, अस्सलपणा कमी नाही. विकणाऱ्याने तो खाणीतला म्हणून विकला तर मात्र ती फसवणूकच.

तुमच्याकडे आजीचं किंवा पणजीचं पाचूचं ब्रेसलेट असेल, तर एक गोष्ट आवर्जून सांगाविशी वाटते. पाचूतल्या भेगा लपवायला त्यात तेल मुरवायची रीत फार जुनी आहे. भेगेत हवा असली की प्रकाश तिथून उलटतो आणि पांढरी रेघ दिसते. देवदाराच्या जातीच्या लाकडाच्या तेलाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो याचं माप) १.५१ च्या आसपास, पाचूचा सुमारे १.५८. दोन्ही जवळपास सारखे, त्यामुळे प्रकाश जवळजवळ सरळ निघून जातो आणि रेघ दिसेनाशी होते. तेल लागलेला कागद आरपार दिसू लागतो तसंच. गरम पाणी, साबण, स्पिरिट किंवा दुकानातलं अल्ट्रासोनिक यंत्र यांनी ते तेल निघून जातं आणि काल हिरवागार असलेला खडा एकाएकी तडकल्यासारखा दिसतो. मूळ भेग वाढूही शकते. म्हणून पॉलिशला देताना खडे पाचूचे आहेत हे आधी सांगा, यंत्रात घालू नका म्हणून बजावा, आणि घरी ओलसर मऊ फडक्याने पुसून लगेच कोरडं करा.