अल्बिकन्स आणि ग्लॅब्राटा: आडनाव एक, कुळं दोन

कॅन्डिडा अल्बिकन्स आणि कॅन्डिडा ग्लॅब्राटा ही दोन यीस्ट, म्हणजे एकपेशीय रूपातल्या बुरशी, माणसाच्या तोंडात, आतड्यात, योनिमार्गात एरवी निमूटपणे राहतात आणि प्रतिकारशक्ती ढासळली की थेट रक्तापर्यंत पोहोचतात. राहण्याची जागा तीच, आजार तोच, वर नावही एकच. मग या सख्ख्या बहिणी आहेत असं कुणालाही वाटेल. पण ग्लॅब्राटाचं जवळचं नातं आहे पाव फुगवणाऱ्या सॅकरोमायसिस सेरेव्हिसीशी. अल्बिकन्स या दोघींपासून बरीच लांब, यीस्टच्या वेगळ्याच शाखेवर बसलेली आहे.

घोळ झाला तो वर्गीकरणाच्या जुन्या रीतीमुळे. बुरशीची प्रजाती कुठे ठेवायची हे तिच्या लैंगिक बीजाणूंवरून ठरायचं. ज्या यीस्टमध्ये असे बीजाणू कुणी पाहिलेच नव्हते, त्यांतल्या कितीतरी कॅन्डिडा या प्रजातीगटात ढकलल्या गेल्या. म्हणजे हा गट एखाद्या गोष्टीच्या अभावावर उभा होता, आणि अभावावरून नातं ठरत नाही. ग्लॅब्राटा तंतू बनवत नाही म्हणून ती बराच काळ टोरुलॉप्सिस या वेगळ्या गटात होती. तंतू असणं-नसणं ही भरवशाची खूण नाही, असं म्हणत 1978 मध्ये तिला कॅन्डिडात आणलं गेलं. गंमत अशी की आक्षेप रास्त होता, पण त्यातून ती गेली ती परक्याच घरात.

सूक्ष्मदर्शकाखाली या दोघींना वेगळं ओळखता येतं. अल्बिकन्सच्या पेशी रक्तद्रवात 37 अंश सेल्सिअसला दोन-तीन तास ठेवल्या की त्यांना लांबट अंकुरनळी फुटते. ग्लॅब्राटाच्या पेशी लहानच राहतात आणि फक्त कळ्या काढतात. ही चाचणी स्वस्त आणि उपयोगी आहे, पण तिच्यावरून कूळ शोधायला जाऊ नये. (डब्लिनिएन्सिस नावाच्या प्रजातीलाही अशीच नळी फुटते. ती मात्र अल्बिकन्सची खरोखरच जवळची नातलग आहे.)

कुळाचा खरा पुरावा जीनोममध्ये, म्हणजे पेशीतल्या संपूर्ण डीएनएमध्ये सापडला. बेकरीच्या यीस्टचा संपूर्ण जीनोम 1996 मध्ये वाचून झाला: 16 गुणसूत्रं आणि डीएनएची सुमारे 1 कोटी 20 लाख अक्षरं. पुढच्याच वर्षी केनेथ वुल्फ आणि डेनिस शील्ड्स यांनी दाखवलं की त्यात जनुकांचे जोडीजोडीचे पट्टे आहेत. त्यांचा निष्कर्ष असा की, अंदाजे 10 कोटी वर्षांपूर्वी या यीस्टच्या पूर्वजाचा अख्खा जीनोम दुप्पट झाला आणि नंतर बहुतेक जादा प्रती गळून पडल्या. अल्बिकन्स आणि ग्लॅब्राटा या दोघींचे जीनोम 2004 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा तुलना सोपी झाली. त्या जुन्या दुपटीचे अवशेष ग्लॅब्राटात आहेत, अल्बिकन्समध्ये नाहीत.

दुसरी खूण मला त्याहून विलक्षण वाटते. प्रथिनात कोणतं अमिनो आम्ल जोडायचं हे जनुकातला तीन अक्षरांचा शब्द, म्हणजे कोडॉन, सांगतो. सीयूजी हा कोडॉन जवळजवळ सगळ्या सजीवांत ल्युसीन या अमिनो आम्लाचा असतो. अल्बिकन्स आणि तिचे नातलग तो प्रामुख्याने सेरीन या दुसऱ्याच अमिनो आम्लाचा म्हणून वाचतात. त्यामुळे दुसऱ्या जिवाचं जनुक अल्बिकन्समध्ये घालायचं तर आधी त्यातले हे कोडॉन बदलावे लागतात, नाहीतर भलतंच प्रथिन तयार होऊ शकतं. ग्लॅब्राटाला ही भानगड नाही. ती बेकरीच्या यीस्टसारखाच तो ल्युसीन म्हणून वाचते.

दवाखान्यात महत्त्वाचा ठरणारा फरक आणखी वेगळा आहे. अल्बिकन्समध्ये सहसा गुणसूत्रांच्या 8 जोड्या असतात. ग्लॅब्राटात 13 गुणसूत्रं, तीही एकेरी. त्यामुळे एखाद्या जनुकात बदल झाला की तो झाकायला दुसरी प्रत नसते. पीडीआर1 या नियंत्रक जनुकातल्या काही बदलांमुळे औषध बाहेर फेकणारे पंप जोरात चालू लागतात आणि फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध निष्प्रभ होतं. तशीही ग्लॅब्राटा या औषधाला अल्बिकन्सइतकी सहज दाद देत नाही. म्हणून अहवालात नुसतं ‘कॅन्डिडा’ असेल तर ती माहिती अर्धवट समजावी.

आजार सारखा असताना कुळं वेगळी कशी? माणसाला संसर्ग करण्याची क्षमता यीस्टमध्ये एकदाच नव्हे, वेगवेगळ्या शाखांवर स्वतंत्रपणे आली आहे. पेशींना चिकटण्यासाठी ग्लॅब्राटा ईपीए कुटुंबातली प्रथिनं वापरते, तर अल्बिकन्सकडे त्याच कामासाठी एएलएस नावाचं निराळं कुटुंब आहे.

नावांनी हे सगळं मान्य करायला वेळ घेतला. 2018 मध्ये 332 यीस्टचे जीनोम एकत्र तपासून मोठा वंशवृक्ष मांडला गेला. 2023 मध्ये अशाच जीनोमच्या आधारावर वरच्या पातळीचं वर्गीकरण नव्याने बांधलं गेलं. त्यात अल्बिकन्सच्या गणाला त्या सेरीनवरूनच सेरिनालीस म्हटलं आहे, तर ग्लॅब्राटा सॅकरोमायसिटालीसमध्ये बेकरीच्या यीस्टशेजारी आहे. प्रजातीगट म्हणून आता तिला नाकासिओमायसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या घातक बुरशींच्या यादीत अल्बिकन्स सर्वांत वरच्या गटात आहे आणि ग्लॅब्राटा त्याखालच्या. तिथे ग्लॅब्राटाचं नवं नाव लिहून जुनं कंसात ठेवलं आहे. तिच्याविषयीचं संशोधन शोधायचं असेल, तर अजून काही वर्षं दोन्ही नावं टाकावी लागतील.