पित्ताची गोळी: सोड्यापासून पॅन-डीपर्यंत

सोलापुरात मेडिकलवर ‘पित्ताची गोळी द्या’ म्हटलं की आज बहुतेकदा पँटोप्राझोल हातात पडतं. पूर्वी याच मागणीवर रॅनिटिडिन मिळायचं, त्याही आधी खायचा सोडा नाहीतर चघळायची गोळी. मागणी तीच राहिली, आतलं औषध बदलत गेलं. घ्यायची पद्धत मात्र जुनीच, आणि गोंधळ तिथेच होतो. (नावही चुकीचंच. जळजळ करतं ते जठरातलं आम्ल. पित्तरस यकृतातला, तो वेगळा.)

सोडा किंवा अँटासिड तयार झालेलं आम्ल मारतं. काही मिनिटांत आराम, थोड्या वेळाने जळजळ परत. आम्ल मुळात कमीच सुटावं, ही वाट ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी दाखवली. आम्ल सोडण्याचा एक निरोप जठराला हिस्टामिन हे शरीरातलंच रसायन देतं. तो अडवणारं सिमेटिडिन १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये आलं, पाठोपाठ १९८१ मध्ये रॅनिटिडिन. ब्लॅक यांना १९८८ चं नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी स्वीडनमध्ये ओमेप्राझोल विक्रीला आलं. ते निरोप अडवत नाही, आम्ल बाहेर टाकणारा पंपच बंद करतं. पँटोप्राझोल त्याच घराण्यातलं.

रॅनिटिडिनचं पुढे बिनसलं. २०१९ मध्ये त्यात एनडीएमए हे कर्करोगाचा धोका असलेलं रसायन सापडलं आणि एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेने सगळं रॅनिटिडिन बाजारातून काढायला लावलं. हे रसायन साठवणुकीत वाढत जातं, उष्णतेत जास्तच. मे महिन्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या सोलापुरात पत्र्याखालच्या कपाटात किंवा दुचाकीच्या डिकीत पडलेल्या पाकिटाचा विचार करा. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते २०२२ मध्ये वगळलं गेलं. फॅमोटिडिन त्याच गटातलं, पण त्यात ही अडचण आढळली नाही.

आता पद्धत. कडक भाकरी, शेंगाची चटणी खाऊन छाती जळायला लागली की पँटोप्राझोल घेणं जवळपास वाया. पंप जेवताना जागे होतात आणि औषध फक्त जागे पंप पकडतं. म्हणून गोळी सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याआधी अर्धा ते एक तास. पूर्ण गुण यायला तीन ते पाच दिवस लागतात. गोळी मोडायचीही नाही, चावायचीही नाही. वरचं आवरण गेलं की ती जठरातल्या आम्लातच नासते. तातडीच्या जळजळीला अजूनही अँटासिडच बरं.

पॅन-डी म्हणजे पँटोप्राझोलमध्ये दुसरं औषध मिसळलेली गोळी. तिच्यातल्या ‘डी’कडे कोणी बघत नाही. ते डॉमपेरिडोन, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं. युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये ते शक्यतो आठवड्याच्या आतच थांबवायला सांगितलं, आपल्याकडे मात्र महिनोन्‌महिने रोज पोटात जातं.

गुडघेदुखीच्या गोळ्या सतत घेणाऱ्याला किंवा अल्सरच्या रुग्णाला पँटोप्राझोल खरंच लागतं. उगाच वर्षानुवर्षे घेतलं तर बी-१२ आणि मॅग्नेशियम घटू शकतं, हाडं मोडण्याचा धोकाही थोडा वाढतो. काळी शौच, गिळताना अडकणं किंवा वजन घटणं असेल तर गोळीने दाबून ठेवू नये, दुर्बिणीची तपासणी करावी. छातीत जळजळीबरोबर घाम फुटला तर आधी ईसीजी.

बरेच महिने घेतलेली गोळी एकदम बंद केली की दबलेलं आम्ल काही आठवडे उसळून येतं. माणूस म्हणतो, ‘मला गोळी लागतेच’, आणि पुन्हा सुरू करतो. डॉक्टरांना विचारून ४० मिलिग्रॅमची गोळी २० ची करावी, मग एक दिवसाआड, आणि मधल्या जळजळीला अँटासिड.