नायट्रो फनी कार हौशी रेसरांच्या हाती कशी आली

कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळ फामोसोची ड्रॅग पट्टी आहे, म्हणजे दोन गाड्यांनी थांबल्या जागेवरून सरळ रेषेत शर्यत लावायची पट्टी. पोटापाण्याचा धंदा वेगळा असलेली माणसं आज तिथे सत्तरच्या दशकातल्या घडणीची नायट्रो फनी कार, म्हणजे नायट्रोमिथेन या इंधनावर धावणारी, हलक्या बॉडीची ड्रॅग गाडी, चालवायला शिकतात. हे शक्य झालं त्याचं मूळ १९५७ सालच्या एका निर्णयात आहे आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

त्या वर्षी अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या ड्रॅग रेसिंग संघटनेने आपल्या स्पर्धांमध्ये नायट्रोमिथेनवर बंदी घातली आणि पेट्रोल तेवढं चालेल असं ठरवलं. वेग फार वाढले, थांबायला जागा पुरत नाही, अपघात होतील, खर्च आवाक्याबाहेर जाईल, अशी कारणं दिली गेली. त्यांत तथ्य होतं. बऱ्याच पट्ट्या म्हणजे युद्धकाळातल्या जुन्या धावपट्ट्याच होत्या आणि ब्रेक, टायर, चालकाचे कपडे यांतलं काहीच त्या वेगाला पुरं पडणारं नव्हतं. पण काळजी रास्त असली, तरी उपाय चुकला. किती इंधन द्यायचं यावर मर्यादा घालायची सोडून इंधनच बाद केलं गेलं. बंदी मोडून काढायला कुणी मोर्चे नेले नाहीत. संघटनेबाहेरच्या पट्ट्यांवर नायट्रो सुरूच राहिलं. १९५९ मध्ये बेकर्सफील्डच्या एका स्थानिक क्लबने फामोसोला नायट्रोवाल्यांसाठी मोठी शर्यत भरवली आणि थेट फ्लोरिडाहून गाडी ओढत स्पर्धक आले. १९६३-६४ मध्ये बंदी उठली. मधल्या काळात मिथेनॉलमध्ये नायट्रो किती मिसळायचं, ठिणगी किती आधी पाडायची, धावेनंतर बेअरिंग कसं वाचायचं, हे ज्ञान क्लबांमध्ये आणि घरामागच्या गॅरेजांत टिकून राहिलं. हौशी परंपरेचं खरं बीज हेच, असं माझं ठाम मत आहे.

नायट्रोची ताकद हवेच्या हिशेबात आहे. वजनाने एक भाग पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते, नायट्रोमिथेनला १.७ भाग पुरते, कारण ऑक्सिजन त्याच्या रेणूतच असतो. म्हणून तेवढ्याच हवेत आठपटींहून जास्त इंधन ओतता येतं. नायट्रोची उष्णता किलोमागे पेट्रोलच्या जेमतेम चौथा हिस्सा आहे, तरी एकूण हिशेब दुपटीच्या पुढे जातो. एखादा सिलिंडर पेटला नाही तर मात्र त्यात साचलेलं इंधन दाबलं जात नाही आणि इंजिन फुटतं.

फनी कार नंतरची. १९६५ मध्ये डेट्रॉइटच्या काही कारखान्यांच्या गाड्यांची चाकं पुढे सरकवलेली होती. त्या विचित्र दिसत म्हणून हे नाव पडलं. १९६६ मध्ये नळ्यांची चौकट आणि तिच्यावर मागच्या बाजूला बिजागरी असलेली, एकसंध उचलली जाणारी फायबरग्लासची बॉडी आली. १९६९ पासून मोठ्या स्पर्धांत या गाड्यांना स्वतंत्र गट मिळाला आणि १९७५ मध्ये पाव मैलाची धाव पहिल्यांदा सहा सेकंदांच्या आत आली. त्याच दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पट्ट्या एकेक करून बंद पडू लागल्या: विल्मिंग्टनची १९७२ मध्ये, अर्विंडेलची १९७७ मध्ये, ऑरेंज काउंटीची १९८३ मध्ये. पट्टीपेक्षा तिच्याखालच्या जमिनीला भाव जास्त होता. वरच्या, व्यावसायिक गटात प्रायोजकांचा पैसा शिरला. ठिणगीसाठी वीज देणारे मॅग्नेटो एकाऐवजी दोन झाले आणि प्रचंड क्षमतेचे पंप आले. स्वतःच्या खिशातून गाडी चालवणारा माणूस तिथून बाहेर पडला.

१९९० नंतर जुन्या गाड्यांचे मेळावे वाढले आणि पुढे जुन्या फनी कारचा स्वतंत्र गट उभा राहिला. १९५७ मध्ये जे करायला हवं होतं ते या गटाच्या नियमांत आहे: नायट्रो चालेल, पण मॅग्नेटो एकच आणि फ्युएल पंप मर्यादित क्षमतेचा. गाडी तरीही पाव मैल सहा सेकंदांच्या आत कापते. २००८ मध्ये न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनला एका चालकाचा मृत्यू झाल्यावर वरच्या गटातल्या नायट्रो गाड्यांचं अंतर हजार फुटांवर आलं. फामोसोला जुन्या घडणीच्या गाड्या पाव मैलच धावतात. यांतल्या बऱ्याच गाड्यांची बॉडी जुन्या आकाराची आणि चौकट नवी असते. मला त्यात खोटेपणा वाटत नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या नळ्यांच्या पिंजऱ्यात माणूस बसवू नये.

शिकणाऱ्याला आधी डोळ्यांवर पट्टी बांधून बसवतात. फ्युएल बंद करायचा लीव्हर, पॅराशूट, आग विझवायच्या बाटल्या, छतावरची झडप हे सगळं हाताला आपोआप सापडलं पाहिजे, कारण इंजिन चालकाच्या पुढ्यात आहे आणि ब्लोअर (इंजिनात हवा दाबून भरणारा भाग) उडाला तर ज्वाळा त्याच्याच अंगावर येतात. मग नुसता बर्नआउट, म्हणजे चाकं घसरवत फिरवून टायर तापवणं, आणि हाताच्या खुणांवर गाडी मागे घेणं. पुढे छोटी झेप, अर्ध्या पट्टीपर्यंतची धाव आणि परवान्यासाठी अनुभवी चालकांच्या सह्या. दोन धावांच्या मधला वेळ तेल काढण्यात, बेअरिंगं आणि प्लग बघण्यात, क्लचच्या प्लेटा मोजण्यात जातो. पुढच्या धावेचं मिश्रण हायड्रोमीटरने तपासताना त्याचं तापमानही पाहावं लागतं, कारण ऊन चढलं की घनता बदलते आणि टक्केवारी चुकीची दिसते.