ट्रकमध्ये न चढणारे सामान

गेल्या मे महिन्यात सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या इमारतीतून एका कुटुंबाने नागपूरला बिऱ्हाड हलवले. सामान नेणाऱ्या कंपनीची माणसे सकाळीच आली. भांडी वर्तमानपत्रात गुंडाळली गेली, कपाटे उतरली, आणि दुपारपर्यंत गॅलरीच्या कोपऱ्यात एक वेगळाच ढीग तयार झाला. त्यात गॅसचे सिलिंडर, संडास धुण्याच्या ॲसिडची बाटली, दिवाळीत उरलेले फटाके, तासगावच्या बागेतून आणलेला पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप, द्राक्षांच्या औषधाच्या अर्ध्या बाटल्या, डिओड्रंटचे डबे आणि धान्यात ठेवायच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा होता. मुकादमाने सांगितले, "काकू, हे आमच्या गाडीत नाही चढायचं." काकूंनी विचारले, "अहो, वीस वर्षं हे सगळं घरातच आहे, कधी काही झालं का?"

प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर त्या वस्तूंपेक्षा ट्रकच्या बंद बॉडीत अधिक सापडते. घरात खिडक्या असतात, वस्तू एका जागी उभ्या असतात, ॲसिड न्हाणीघरात तर फटाके माळ्यावर असतात, आणि काही गळलेच तर वास घेणारे नाक जवळ असते. ट्रकमध्ये यातले काहीच नसते. सांगलीत मे महिन्यात पारा ४० अंशांच्या आसपास आणि नागपूरकडे ४५ अंशांपर्यंत असतो, तेव्हा उन्हात उभ्या राहिलेल्या पत्र्याच्या बंद बॉडीत तापमान सहज ५० अंशांच्या पुढे जाते. त्यात दोन-तीन दिवसांचे हादरे, आडवे-उभे रचलेले खोके आणि कोंडलेली हवा यांची भर पडते.

सिलिंडरपासून सुरुवात करू. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, पण तो दाबाखाली द्रवरूपात असतो. तो प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण आहे. साध्या दाबाला प्रोपेन उणे ४२ अंशांना आणि ब्युटेन शून्याच्या किंचित खाली उकळते, म्हणजे आपल्या हवेत हा द्रव सदैव उकळण्याच्या तयारीत असतो. बाहेर आलेल्या एका लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. उष्णतेने द्रव फुगतो म्हणून सिलिंडर कधीही काठोकाठ भरत नाहीत, सुमारे १५ टक्के जागा मोकळी ठेवतात. उभ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हशी त्यामुळे फक्त वाफ असते. तो आडवा पडला की व्हॉल्व्हपाशी द्रव येतो आणि तेवढ्याच फटीतून कितीतरी अधिक गॅस निसटतो.

आता थोडा हिशेब करून पाहू. एक किलो गॅस गळला तर त्याचा साधारण साडेचारशे लिटर वायू होतो. हवेत या वायूचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेले की मिश्रण ठिणगीने पेटू शकते, म्हणजे तेवढा वायू वीसेक घनमीटर हवा पेटण्याजोगी करायला पुरतो. १७ फुटी बंद ट्रकची आतली जागा साधारण तेवढीच असते, आणि तीही बहुतांश सामानाने व्यापलेली असते. शिवाय हा वायू हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असल्यामुळे तळाशी, कपाटांच्या पायांमध्ये साचत जातो. गळती कळावी म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते खरे, पण चालकाच्या केबिनपर्यंत तो वास पोचेलच असे नाही. गाव बदलताना सिलिंडर न्यायचे कारणही उरत नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीकडे परत केले की अनामत रक्कम मिळते, टर्मिनेशन व्हाउचर मिळते आणि त्यावर नव्या गावात जोडणी घेता येते.

फवारणीच्या पंपाबद्दल काकूंचे म्हणणे होते की त्याची टाकी रिकामी आहे. माझ्या मते साऱ्या ढिगात फसवा शब्द कोणता असेल तर तो "रिकामी" हाच. पेट्रोलच्या वाफेचे हवेतले प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच ते पेटते. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की जळायला पुरेशी हवाच उरत नाही. टाकी ओतून काढली, झाकण उघडे ठेवले, बाहेरची हवा आत शिरली, की मिश्रण नेमके या पट्ट्यात येते. द्रवाची वाफ ज्या तापमानाला ठिणगीने पेट घेण्याइतकी होते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा तो उणे ४० अंशांच्या आसपास असतो, नखांचे पॉलिश काढायच्या ॲसिटोनचा उणे २०, तर रॉकेलचा साधारण ३५ अंशांच्या पुढे. आपल्या पेट्रोलियम नियमांतली वर्गवारी याच मापावर आधारलेली आहे: २३ अंशांच्या खालचे द्रव 'अ' वर्गात आणि २३ ते ६५ अंशांमधले 'ब' वर्गात. घरात निरुपद्रवी वाटणारे रॉकेल किंवा टर्पेंटाइन ५० अंशांच्या ट्रकमध्ये आपला फ्लॅश पॉइंट ओलांडून बसलेले असते. द्राक्षांची बरीच द्रवरूप औषधेही अशाच ज्वालाग्राही द्रावकांत विरघळवलेली असतात, आणि त्यांचे झाकण सैल झाले तर पेटण्याआधीच गाद्या, गोधड्या आणि डाळी-तांदूळ निकामी होतात.

डिओड्रंटच्या डब्यावर ५० अंशांपेक्षा अधिक तापमानात ठेवू नये असे बारीक अक्षरांत छापलेले असते. आतला फवारा ढकलणारा वायू बहुधा ब्युटेन-प्रोपेनच असतो. २० अंशांना ब्युटेनच्या वाफेचा दाब वातावरणाच्या साधारण दुप्पट असतो, तर ५० अंशांना तो जवळजवळ पाचपट होतो. डबा फुटायचा असेल तर तो अशाच उन्हात फुटेल.

काही वस्तू एकट्या असताना शांत असतात, पण शेजार चुकला की बिघडतात. संडासाच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि कपड्यांच्या ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही बाटल्या एकाच खोक्यात गळल्या तर क्लोरीन हा विषारी वायू बाहेर पडतो. भाज्या धुण्यासाठी काही घरांत ठेवलेले जांभळे पोटॅशियम परमँगनेट आणि औषधाच्या कपाटातले ग्लिसरीन यांची गाठ पडली तर काडी ओढावी लागत नाही. थोड्या वेळाने मिश्रण आपोआप धुमसते आणि पेट घेते. शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग मुलांना चकित करण्यासाठी दाखवतात. परमँगनेटसारखी रसायने जळणाऱ्या पदार्थाला प्राणवायू पुरवतात. फटाक्यातही तोच पुरवठा दारूमध्येच मिसळलेला असतो, म्हणून ते हवा कोंडून विझवता येत नाहीत.

इन्व्हर्टरच्या बॅटरीबाबत कंपन्यांचे मत सारखे नसते. काही ती साफ नाकारतात, तर काही टोकांवर पट्टी लावून उभी नेतात. आतले सल्फ्युरिक आम्ल सांडले तर कपड्यावर लगेच काही दिसत नाही. पाणी उडून जाते, आम्ल मात्र उडत नाही, उलट घट्ट होत जाते, आणि सोलापुरी चादर पहिल्यांदा धुतली की तिला भोके पडलेली दिसतात. बॅटरीच्या दोन टोकांवर एखादा पाना आडवा पडला तर शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहून ठिणग्या उडतात, आणि भोवती बॅटरीतूनच निघालेला हायड्रोजन असेल तर त्याला हवेत चार टक्के प्रमाण पेटायला पुरते. लिथियम बॅटरीचा प्रश्न निराळा. तिच्यातला पातळ पडदा चिरडला तर आत शॉर्टसर्किट होते, उष्णतेने उष्णता वाढत जाते, आणि ही साखळी बाहेरून थांबवणे अवघड असते. वीस हजार मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तासांची असते आणि विमानातही ती सोबतच्या बॅगेतच न्यावी लागते, कारण तिथे निदान कोणी पाहायला असते.

काचेच्या थर्मामीटरमधला पारा थोडासाच असतो, पण त्याचे ॲल्युमिनियमशी जमत नाही. या धातूला गंजापासून वाचवणारा ऑक्साइडचा पातळ थर पारा टिकू देत नाही आणि धातू पोखरत जातो. झाडे, लोणच्याच्या बरण्या, दागिने आणि सातबाऱ्याची कागदपत्रे कंपनी नाकारते ती वेगळ्या कारणांनी. अंधारात आणि उकाड्यात झाड तग धरत नाही, तेल गळले तर दोष कोणाचा यावर वाद होतो, आणि मौल्यवान वस्तूंची जोखीम कोणालाच नको असते.

राहिला तो पत्र्याचा डबा. त्यातल्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या होत्या. सामान्य ग्राहकाला त्या विकायच्याच नसतात, तरीही गव्हाच्या कोठीपाशी त्या सापडतात. या गोळीला हवेतला दमटपणाही पुरतो. ओल लागली की तिच्यातून फॉस्फीन वायू निघतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून तो सुमारे एक ग्रॅम निघतो, आणि बंद खोलीत तेवढाही जिवावर बेतू शकतो. मे महिन्यात आपल्याकडे वळीव केव्हा कोसळेल याचा नेम नसतो, आणि ट्रकमध्ये पाणी शिरणे ही नवलाची गोष्ट नाही.

संध्याकाळपर्यंत ढीग ओसरला. सिलिंडर एजन्सीत गेले, पंप आणि औषधे तासगावच्या भावाकडे परत गेली, फटाके बादलीत बुडवून ठेवले, आणि तुळशीच्या कुंडीने व लोणच्याच्या बरणीने मोटारीची मागची जागा पटकावली. काकूंच्या मुलाने गोळ्यांचा डबाही त्याच बादलीत रिकामा करायला उचलला, तेव्हा मुकादमच ओरडला. त्या डब्याला पाण्यापासूनच सांभाळायचे होते. तो झाकण घट्ट लावून उघड्या गच्चीवर, पत्र्याच्या आडोशाला ठेवला गेला, आणि दुसऱ्या दिवशी परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्या माणसाने हातमोजे घालून नेला.